पिवळ्या कर्दळीचा कंद

यवतमाळात आर्णी रोडवर नालीचं काम निघालं होतं, म्हणून ऑटोवाल्यानं ऑटो आतल्या गल्लीत घातला आणि गल्लीच्या तोंडाशीच एका ट्रॅक्टरनं वाट अडवली. झालं ते एवढंच. धम्मरत्नच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत बायकोचा फोटो होता, आणि त्या फोटोला फ्रेम करायला तो दत्त चौकात निघाला होता. येत्या रविवारी इंदूला जाऊन वर्ष होणार होतं. बसल्या बसल्या त्यानं डावीकडं पाहिलं. एका टिनाच्या घरामागं, भांडी घासायच्या फरशीपासून निघालेल्या काळ्या पाण्याला धरून, कर्दळ उभी होती. डोक्याएवढी उंच, पानं हिरवीगार, वर लालभडक फुलं. जानेवारीचा दुसरा आठवडा, अंगात स्वेटर, कानाला मफलर, ऑटोवाला हात काखेत दाबून बसलेला, आणि ही बया उघड्यावर खुशाल फुललेली. तो पिशवी छातीशी धरून खाली उतरला. फरशीवर एक बाई राखेनं पातेलं घासत होती. पन्नाशीची असेल, डोक्यावरून ओढणी घेतलेली. जोहराबी हे तिचं नाव त्याला नंतर कळलं. ओळख ना पाळख, सकाळी सकाळी एक म्हातारा मोरीशी येऊन उभा राहतो, तरी ती दचकली नाही. त्यानं विचारलं, हे कर्दळ तुम्ही थंडीत काढून नाही ठेवत काय?

"कायले काढाचं?" ती म्हणाली.

"थंडीनं कंद मरते ना."

जोहराबीनं पातेलं खाली ठेवलं आणि हा थट्टा करतो की काय म्हणून त्याच्याकडं नीट पाहिलं. "हे मरते? भाऊ, याच्यावरून जेसीबी गेलता पावसाळ्यात. पोरं तोडते, बकऱ्या खाते. भांड्याचं पाणी भेटलं का झालं याचं. हे नाही मरत."

ऑटोवाला हॉर्न देत होता. धम्मरत्ननं त्याला पैसे दिले, जा म्हटलं, आणि वाघापूरकडं, घराकडं, पायीच निघाला. फ्रेम राहिली ती राहिलीच. इंदूची कर्दळ या घडीला घरी होती, फ्रिजमध्ये. कुणालाही हसू येईल. त्याला मात्र आत्तापर्यंत त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं, उलट गेला महिनाभर तो स्वतःवर चांगलाच खूश होता. साठी उलटल्यावर हातात पहिल्यांदा कुदळ धरली, आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या झाडाचं काही केलं, आणि केलं ते रीतसर केलं. रीतसर हा त्याचा लाडका शब्द. भूमी अभिलेख कार्यालयात पस्तीस वर्षं काढलेला माणूस. त्याच्या टेबलावर कधी कुणाचा नकाशा हरवला नाही की कुणाच्या हद्दीचा दगड कागदावर इकडचा तिकडं झाला नाही. घरात मात्र पाण्याचा पेला हातानं घेतला असेल तर शपथ. आता रस्त्याच्या कडेनं चालताना त्याचं लक्ष उगाच प्रत्येक घराच्या मागच्या बाजूला जात होतं. आणि छे, दिसायलाच नको होती, पण दिसत होती. एका दवाखान्याच्या भिंतीशी, एका पंपाच्या कोपऱ्यात, एका बंद पडलेल्या शाळेच्या नळाजवळ, सगळीकडं कर्दळ, कुणी काढली नव्हती, कुणी झाकली नव्हती. साठ वर्षं या जिल्ह्यात राहून त्यानं ती पाहिली कशी नाही, याचा त्याला राग आला.

नेरला बदली होती तेव्हा सरकारी क्वार्टरच्या मागं इंदूला ती सापडली होती. पिवळी, पिवळ्यावर लाल ठिपके. बदली झाली की इंदू भांड्याकुंड्यांच्या आधी एका फुटक्या बादलीत तिचा एक कंद टाकायची, आणि ट्रकमध्ये ती बादली आपल्या पायापाशी घेऊन बसायची. नेरहून मारेगाव, मारेगावहून कळंब, कळंबहून यवतमाळचं हे स्वतःचं घर. जिथं जाईल तिथं मोरीचं पाणी जिकडं वाहतं तिकडं तिनं ती खोचली, बस. खत नाही, औषध नाही, कौतुक नाही. भांडी घासली, पाणी तिकडं गेलं, झाड वाढलं. कौतुक होतं ते पायलला, त्यांच्या एकुलत्या एक पोरीला. लहानपणी ती फूल उपटून बुडाकडून मध चोखायची आणि काळं कडक बी डब्यात भरून दुपारभर वाजवायची. सुटीच्या दुपारी धम्मरत्न घरी झोपलेला असला की इंदू तिला मागच्या अंगणात घेऊन बसायची. हे त्याला ऐकून माहीत. त्यानं स्वतः त्या दोघींना तिथं बसलेलं कधी पाहिलं, हे आठवायला तो रस्त्यात थांबला. एकही दुपार आठवेना.

कागदावर विश्वास ठेवायचा, हे त्याला बापानं शिकवलं होतं. बापाचं नाव उकंडा, तो आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबला, सही करायलाही उतारवयात शिकला. त्याच्या बापाची दोन एकर जमीन कुणाच्या तरी तोंडच्या शब्दावर गेली होती, कागद झालाच नव्हता. म्हणून उकंडा पोराला जेवताना, झोपताना, शाळेत पोचवताना एकच सांगायचा, की लोक काय म्हणते ते ऐकू नको, लिहिलेलं काय आहे ते पाह्य. लिहिलेलं पाहतच धम्मरत्न मॅट्रिक झाला, नोकरीला लागला, झोपडीतून पक्क्या घरात आला. तेव्हा त्याचं चुकलं तरी कसं म्हणायचं? ज्या दोरानं माणूस विहिरीतून वर आला तो दोर तो सोडेल कशाला? मागच्या जानेवारीत इंदूच्या छातीत जळजळ सुरू झाली, डावा खांदा दुखू लागला, तेव्हाही त्यानं लिहिलेलंच काढलं. पेपरच्या आरोग्य पुरवणीचं कात्रण होतं, त्यानंच जपून ठेवलेलं. पित्ताची सगळी लक्षणं त्यात होती आणि थंड दूध, बडीशेप, डोक्याखाली दोन उशा असे उपाय होते. पायल अकोल्याला नर्स. ती फोनवर ओरडत होती, की आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, ईसीजी काढा. त्यानं तिला ते कात्रण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. नर्सला! इंदू दूध पीत बसली होती. "तुम्ही म्हणता त पित्तच असन," ती म्हणाली होती, आणि तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही.

तिसऱ्या दिवशी, बुद्धवंदना आटोपल्यावर, सगळे नातेवाईक बसलेले असताना पायल उभी राहिली. "तुम्ही पेपर वाचत बसले, बाबा, अन् आई गेली," एवढं बोलून तिनं बॅग उचलली. त्यानंतर नऊ महिने फोन नाही. धम्मरत्न रोज संध्याकाळी फोन समोर ठेवून बसायचा, स्वतःहून लावायची हिंमत व्हायची नाही. मग अशोक विजयादशमीला तिचा फोन आला. जय भीम घातला, तब्येत विचारली, आणि म्हणाली, की आईच्या वर्षाला येते. बाकी मले काही नको, आईच्या कर्दळीचा एक कंद काढून ठेवजा. फोन मिनिटभराचा. पण त्या रात्री धम्मरत्न पोटभर जेवला. पोरगी परत यायची वाट त्या एका कंदातून जात होती, हे त्याला नीट कळलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो आयुष्यात पहिल्यांदा त्या झाडापुढं जाऊन उभा राहिला.

उभा राहिला आणि त्या दिवसापासून त्याच्या जिवाला घोर लागला. डिसेंबर लागता लागता पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी तपकिरी, मग काळपट. शेजारच्या हंसाबाईनं भिंतीवरून सांगितलं, की भाऊ, त्याले पाणी नाही भेटून राह्यलं, इंदूबाई होती तवा दिवसातून दोनदा भांड्याचं पाणी जाये. खरंच होतं ते. तो डबा मागवून जेवत होता, डबा तसाच खरकटा परत जायचा, मोरी वर्षभर कोरडी पडली होती. पण हंसाबाई बोलली ते तोंडचं होतं. आणि फोनवर त्याला लिहिलेलं सापडलं होतं. कुठल्या देशाचं कुणास ठाऊक, फोननंच त्याचं मराठी करून दिलं होतं. पहिलं हिम पडून पानं काळवंडली की दांडे कापावेत, कंद खणून काढावेत, लाकडाच्या भुशात घालून हिवाळाभर तळघरात पाच ते दहा अंशांत ठेवावेत, नाहीतर ते मरतात. वर फोटो होता, त्यात बागेत गुडघाभर बर्फ. बर्फ त्यानं पाहिला. पानं काळवंडतात हे मात्र वाचलं आणि मागच्या दारात जाऊन ताडून पाहिलं. बरोबर होतं. हंसाबाईला त्यानं भिंतीशी बोलावून अर्धा तास हिम समजावून सांगितलं. ती बिचारी व्हय, व्हय करत राहिली आणि शेवटी भाजी लागते म्हणून आत गेली.

मग त्यानं कर्दळ खणली. सगळी. एकही कंद मातीत ठेवला नाही, राहिलेला मरेल म्हणून. हाताला फोड आले, कंबर धरली, पण काय समाधान वाटलं होतं! आता प्रश्न तळघराचा. यवतमाळात तळघर कुणाकडं असतं? घरातल्या थंडगार कोपऱ्यातसुद्धा थर्मामीटरचा काटा सोळाच्या खाली येईना. आणि मग त्याला फ्रिज सुचला. इंदूचा जुना फ्रिज तसाही रिकामाच होता. आरागिरणीवरून भुसा आणला, कंद धुऊन सहा डब्यांत घातले, आणि दहाच्या वर जायला नको म्हणून फ्रिजचं बटण तीनवरून सहावर, सगळ्यात थंडवर नेलं. दर रविवारी तो डबा उघडून एकेक कंद अंगठ्यानं दाबून पाहायचा. कंद कडक लागला तर जिवंत, मऊ पडला तर सडला, असं लिहिलेलं होतं. त्याचे कंद कडक होते. दगडासारखे.

घरी पोचल्यावर त्यानं पाणीही प्यायलं नाही, आधी फ्रिज उघडला. सहाही डबे मागच्या अंगणात इंदूच्या भांडी घासायच्या दगडावर नेऊन ठेवले. आजच लावून टाकू, त्यानं ठरवलं होतं. काही बिघडलेलं नाही, कडक आहेत, उगाच जीव घाबरा करून घेतला. भुसा झटकून त्यानं कंद उन्हात ओळीनं मांडले आणि खड्डे करायला बसला. बादलीभर पाणी आणून माती भिजवली. चार-पाच खड्डे झाले असतील. हात पुसून पहिला कंद उचलला तर तो बोटांत पिचला. त्यानं दुसरा उचलला. तोही. दगडावर पाणी साचलं होतं, तपकिरी, चिकट, आणि कंद त्यात उकडलेल्या रताळ्यासारखे बसले होते. वास यायला लागला होता. ते कडक होते ते गोठले होते म्हणून. महिनाभर तो बर्फ दाबून पाहत होता आणि खूश होत होता. सबंध यवतमाळात कर्दळीला मारील एवढी थंडी एकाच जागी होती, त्याच्या फ्रिजमध्ये, आणि तिथं त्यानं आपल्या हातानं तिला नेऊन ठेवलं होतं. बटण फिरवून. हे त्याला एका झटक्यात कळलं आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला, रडण्याचा होता की कशाचा ते त्याचं त्यालाच समजलं नाही. भिंतीपलीकडून हंसाबाईनं विचारलं, काय झालं भाऊ? काही नाही, तो म्हणाला.

दोन दिवस त्यानं सुरी घेऊन एकेक कंद कापून पाहिला. कुठं पांढरा गर दिसेल, एखादा डोळा शाबूत असेल. एकही नव्हता. अंगणात जिथं कर्दळ होती तिथं त्यानं पुन्हा खणलं, वीतभर, हातभर, एखादं टोक चुकून राहिलं असेल म्हणून. पण काम रीतसर झालं होतं, काहीच राहिलं नव्हतं. पायलला सांगून टाकावं, हे त्यानं किती वेळा ठरवलं! फोन हातात घेऊन वाक्यसुद्धा जुळवलं, बेटा, माझ्या हातून चुकलं. मग पुढचं वाक्य त्याला पायलच्या आवाजात ऐकू यायचं. वाचूनच केलं असन ना, बाबा. ते ऐकायची ताकद त्याच्यात नव्हती. एकदा गेलेली पोरगी परत येत होती. पुन्हा गेली तर यायला आता दुसरं काही उरलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तो कुदळ आणि पिशवी घेऊन जोहराबीच्या घरी गेला. एक कंद पाहिजे, म्हणाला. घ्या ना, किती पाहिजे तेवढे घ्या, याचे काय पैसे लागते, ती म्हणाली, आणि स्वतःच खणून एक हातभर गठ्ठा काढून दिला. कंद पांढरट गुलाबी, डोळे फुगलेले, कडक. खरेखुरे कडक. पानं बघितली तर तंतोतंत इंदूच्या कर्दळीसारखी, फूल मात्र लाल. आता पिवळी कर्दळ का कुठं मिळाली नसती? मिळालीही असती, आठ दिवस शोधायला असते तर. त्याच्याकडं एक दिवस होता, आणि त्या दिवसात भिक्खूंना निरोप द्यायचा होता, खुर्च्या सांगायच्या होत्या, फ्रेम आणायची होती. घरी येऊन त्यानं तो कंद स्वच्छ धुतला, सुकवला, आणि भुशाच्या डब्यात ठेवला. डबा फ्रिजमध्ये ठेवला नाही.

रविवारी पायल आली. वाळली होती. आईच्या फोटोला हार घालताना रडली, वंदना झाल्यावर सगळ्यांना पानं वाढली, बायकांत बसून बोलली. बापाशी जेवढ्यास तेवढं. लोक पांगल्यावर ती मागच्या अंगणात गेली आणि ओसाड जागा पाहून चमकली. "कर्दळ कुठं गेली, बाबा?" आत्ता सांगायचं, त्यानं मनाशी म्हटलं. आत्ता. तो घरात गेला, डबा घेऊन आला आणि तिच्या हातात दिला. थंडीत मरते म्हणून काढून ठेवली होती, असं म्हणाला. पायलनं झाकण उघडलं. भुसा चाळवून पाहिला, कंद हातात घेतला, एकदा बापाकडं पाहिलं, आणि हसू लागली. वर्षानं हसली. यवतमाळात थंडीनं कर्दळ मरते! हे तुमच्याच्यानंच होऊ शकते, म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. एवढं कधी कुणाचं केलं होतं तुम्ही, असंही म्हणाली. तिनं आईच्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात तो कंद गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. मग त्याच्याजवळ पायरीवर बसली.

"मी तवा बोलली ते मनात नका ठेवू, बाबा."

"नाही, बेटा."

"पिवळीच आहे ना ही? ठिपक्याची?"

"हो," तो म्हणाला. "आईचीच."

त्यानंतर ती रोज फोन करू लागली. रोज! ड्यूटीवरून आली की आधी फोन. कुंडी केवढी घेऊ, माती कोणती, शेणखत टाकू काय. धम्मरत्न सांगायचा. एवढं सगळं झाल्यावर आता त्याला कर्दळीचं खरोखरच कळू लागलं होतं. जोहराबीला विचारत होता, हंसाबाईला विचारत होता, रोपवाटिकेत जाऊन माळ्याला विचारत होता. मागच्या अंगणात त्यानंही एक लावली होती, तीच लाल, आणि तिच्यासाठी स्वतःची ताटवाटी स्वतः घासू लागला होता. पायल विचारायची, जेवले काय, काय जेवले, बीपीची गोळी घेतली काय. मार्चमध्ये दोन दिवस येऊन राहिली, स्वयंपाक करून गेली. जाताना पाया पडली. त्याला सुख होत होतं, आणि ते सुख अंगाला लागत नव्हतं. फोन ठेवला की तो महिने मोजायचा. जानेवारीत लावलेली कर्दळ ऊन मिळालं तर मे नाहीतर जूनपर्यंत फुलते, असं माळी म्हणाला होता. त्यानं माळ्याला आणखी एक गोष्ट विचारून घेतली होती. नाही फुलली तर काहून नाही फुलत? माळ्याला वाटलं, म्हाताऱ्याला फुलांची हौस आहे. त्यानं सगळं बैजवार सांगितलं. सावलीत राहिली तर नुसती पानं धरते, फुलत नाही. फुलाचा दांडा कापला तर तो दांडा गेला.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी पायलचा फोन आला, आणि आवाजावरूनच त्याला कळलं. ती लहान मुलीसारखी बोलत होती. "बाबा, मधातून जाडा दांडा वर आला. कळ्या आहे त्याच्यात. हिरव्याच आहे आत्ता, बंद. चार-पाच दिवसात फुलन ना?"

धम्मरत्न अंगणात उभा होता. त्याच्या समोरच्या झाडालाही दांडा आला होता, आणि टोकाशी लाल रंग फुटला होता.

"उन्हात ठेवली काय?" त्यानं विचारलं.

"हो, गॅलरीत. दिवसभर ऊन लागते. काहून?"

"अकोल्याचं ऊन खराब आहे, बेटा. आत्ताच फुलू दिली त कंद खपून जाईन तिचा. तो दांडा काप. बुडाकडून काप."

ती हिरमुसल्या आवाजात म्हणाली, "एक त फूल पाहू द्या ना, बाबा. आईचं." आणि मग आपणच, "बरं. तुम्ही म्हणता त कापते." तिनं फोन कुठंतरी ठेवला. चालण्याचा आवाज आला, खण उघडल्याचा आला, गॅलरीच्या दाराची कडी वाजली. मग कात्रीचा. जाड दांडा एका दमात कापला गेला नाही, दोन-तीनदा आवाज आला.

"झालं," ती म्हणाली. "आता?"

"आता तिले सावलीत ठेव," तो म्हणाला.